पहिलं बाळंतपण कुठं करायचं? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, लग्नाला दोन वर्षं झाली, आता सातवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी ११ ऑगस्ट डेट दिलीय. माहेर माझं जत तालुक्यात, गाडीने दोन सव्वादोन तास लागतात. आईचं म्हणणं पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, सातव्यात ओटी भरून घेऊनच जाणार, तिने डिंक, अळीव, खारीक सगळं आणून ठेवलंय, दोन गोधड्यापण शिवून झाल्या. सासूबाई म्हणतात रीत आहे तर जाऊ दे. मिस्टर काहीच बोलत नाहीत, तुम्ही बायका बायका ठरवा म्हणतात. माझ्या डॉक्टर मिरजेत आहेत, पहिल्यापासून त्यांच्याकडेच दाखवतेय आणि मला तिथंच करायचंय पण आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. त्यात आमच्या घरात २०१९ ला कमरेएवढं पाणी आलं होतं त्यामुळे ऑगस्टमध्ये इथं राहायची पण भीती वाटते. एचबी (हिमोग्लोबिन) ९.२ आलंय. आणि मी ज्या शोरूमला अकाउंट बघते तिथले मालक म्हणतात आत्ता राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत ये, बघू. आम्ही १६ जण आहोत तिथं. मला काहीच सुचेना. मिरजेत मावससासूबाईंचं घर आहे, दोन खोल्या वर रिकाम्या आहेत, एवढं सांगून ठेवते.

उत्तर : अगं, तुझ्या पत्राचं उत्तर तू शेवटच्या ओळीतच लिहिलंयस. त्या दोन रिकाम्या खोल्या. त्यावर मी येतेच, पण आधी एक गोष्ट सांगते.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सचं काम केलं. एका पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमाराला एक पोरगी जीपमधून आली, आठवा संपत आलेला, पाणी गेलेलं, कळा चालू. सासर शहरात, बाळंतपणाला म्हणून चार दिवसांपूर्वी माहेरी आलेली. आम्ही फाईल मागितली तर आई म्हणाली फाईल सासरी राहिली. ब्लडग्रुप विचारला तर पोरीला आठवेना, कुणी म्हणतंय बी, कुणी म्हणतंय ओ. शेवटचं एचबी किती, शुगर तपासली का, सोनोग्राफीत वार कुठं आहे, काही म्हणजे काही माहीत नाही. सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, आणि ते पण रात्री, लॅबवाल्याला घरून उठवून. तिचा नवरा पहाटे चारला मोटरसायकलवर भिजत आला, शर्टाच्या आत साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी आणि पिशवीत फाईल. उघडून बघितली तर ग्रुप निगेटिव्ह, पटकन न मिळणारा. दोघं सुखरूप राहिले, बाळ रडलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी रडलो. पण ते अडीच तास मला आजपण आठवतात, म्हणून मी कुणालाही बाळंतपणाचं विचारलं की आधी हेच विचारते की फाईल कुठंय, डॉक्टर कुठंय, आणि रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार. या तीन गोष्टी जिथं एका जागी येतात तिथं बाळंतपण करायचं. तुझ्या बाबतीत ती जागा मिरज आहे.

आणि बघ की, मिरजेत १८९४ ला मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं, दवाखान्यांचं गाव म्हणूनच ते ओळखलं जातं, कर्नाटकातून लोक रात्रीअपरात्री पेशंट घेऊन मिरजेला येतात, आणि तुझ्या डॉक्टर तिथं असताना तू एचबी ९.२ घेऊन त्यांच्यापासून दोन तास लांब जायचं, हे मला पटत नाही. जत वाईट म्हणून मी म्हणत नाही हं. तुमच्या गावाजवळ रात्री सिझर होईल आणि रक्त मिळेल असा दवाखाना असता आणि तू पहिल्यापासून तिथंच दाखवत असतीस तर मीच म्हटलं असतं जा बाई आईकडे.

आता पाण्याचं. तुझी भीती बरोबर आहे, ती कुणी हसण्यावारी नेली तर ऐकू नकोस. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटाला गेलं की इशारा आणि ४५ फुटाला धोका, हे सांगलीत लहान पोरालापण पाठ आहे, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते पण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. परत २०२१ ला जुलैच्या शेवटी. म्हणजे तुझी डेट नेमकी त्याच दिवसांत येते. पाणी चढायला लागल्यावर नऊ महिन्यांच्या बाईला बोटीत बसवायची वेळ आणायचीच कशाला, त्यामुळे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच, पाऊस असो नसो, मिरजेला मावससासूबाईंच्या वरच्या खोल्यांत राहायला जा. जिना चढायला जमतोय का हे डॉक्टरांना विचार, नाहीतर खाली एक पलंग टाकून घ्या. आधारकार्ड, फाईल, त्याच्या दोन झेरॉक्स, सगळ्या रिपोर्टचे फोटो मिस्टरांच्या फोनमध्ये, आणि बाळाची जुन्या सुती साडीची दुपटी धुवून उन्हात वाळवून, हे सगळं एका बॅगेत भरून तिथं आधीच पोचलेलं पाहिजे.

आणि आई. आईचं रडणं मला समजतंय, तिने दोन गोधड्या शिवल्यात गं. तिला तू नाही म्हणालीस असं तिला वाटलं. म्हणून हा फोन आता तू करायचा नाहीस, तुझ्या मिस्टरांनी करायचा. बायका बायका ठरवा म्हणून त्यांना मोकळं होता येणार नाही, बाळ दोघांचं आहे. त्यांनी स्वतः तुझ्या आईला म्हणायचं की आई, डॉक्टर मिरजेत आहेत म्हणून आम्ही तिथं थांबतोय, पण तुम्ही जुलैमध्ये या आणि दीड-दोन महिने राहा, आम्हाला तुम्ही पाहिजेत. जावयाने असं म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? लाडू ती मिरजेत वळेल, शेक-मालिश ती करेल (खोलीत कोळशाची शेगडी, धुरी मात्र नको, बाळाच्या छातीला धूर सोसत नाही). सासूबाईंना आणि मावससासूबाईंना आधी विश्वासात घ्या म्हणजे तिला परक्या घरात आल्यासारखं वाटणार नाही. आणि ओटी? ती जतलाच भरा. डॉक्टरांना विचारून आत्ताच आठ दिवस जाऊन ये, फाईल बरोबर घेऊन, हौसेनं डोहाळजेवण करून घे, परत ये. मग बाळाची दीड महिन्याची लस झाली की बाळाला घेऊन दोन महिने माहेरी राहा, तेव्हा तुला खरी विश्रांती पण मिळेल. आधीच्या माहेरपणापेक्षा ते नंतरचं माहेरपण पोरींना जास्त लागतं, हे मी कितीतरी जणींचं बघितलंय.

एचबीचं थोडक्यात सांगते, ९.२ कमी आहे पण अजून वेळ आहे. लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी रोज, चहाबरोबर नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नाही, दोन्हीत दोन तास तरी अंतर ठेव. लिंबू पिळलेलं पाणी बरोबर चालतं. शी काळी होते, घाबरून गोळी बंद करू नकोस. महिन्याने परत तपास, चढलं नाही तर सलाईनमधून लोह देतात, त्याला नाही म्हणू नकोस.

आणि राजीनामा अजिबात लिहून देऊ नकोस! दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या बाळाला २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, २०१७ पासून. तुम्ही १६ जण आहात, म्हणजे तुझा तो हक्क आहे, आणि गरोदर आहे म्हणून कामावरून काढून टाकलं तरी तो हक्क बुडत नाही. पण तू स्वतःच राजीनामा दिलास तर भांडायला काही उरत नाही. त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे डेटच्या आधी घेता येतात, म्हणजे तुला १६ जूनपासून, पण आधी जेवढी घेशील तेवढी नंतर कमी उरते हे लक्षात ठेव. अमुक तारखेपासून रजेवर जातेय असा अर्ज लेखी दे आणि एका कॉपीवर पोचल्याची सही घे. पगारातून ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापत असतील तर रजेचे पैसे ईएसआयसीच देते, मालकाला ते शांतपणे सांगून बघ, कधीकधी त्यांनाच माहीत नसतं.

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करतो, वय २७. बायकोला पाचवा महिना आहे, ती घरीच असते. पुढच्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी आहे. घरातले म्हणतात ओळख काढून विचारून बघ काय आहे, फक्त माहिती म्हणून. मला ते नको वाटतं पण आईला तोंडावर बोलता येत नाही. बायको रात्र रात्र झोपत नाही, विचारलं तर काही नाही म्हणते. मी काय करू शकतो?

उत्तर : दादा, ती का झोपत नाही याचं अर्धं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. घरातलं ते बोलणं तिच्या कानावर जात नसेल असं तुला वाटतं का? पोटात बाळ हलायला लागलंय आणि बाहेर ते हवं का नको याची चर्चा चाललीय, अशी बाई झोपेल कशी.

विचारायचं नाही. मुलगा का मुलगी हे विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, सांगणारा डॉक्टर जसा अडकतो तसा विचारणारा नातेवाईकपण अडकतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण तू आईला कायद्याचं कारण देऊ नकोस. सरळ सांग, आई, मला कळून घ्यायचं नाहीये, हा विषय माझ्या घरात परत नको. आवाज न चढवता, पण बायकोसमोर बोल. तिला ते ऐकू येणं महत्त्वाचं आहे. ती सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करतात ती बाळाचं हृदय, पाठीचा कणा, किडनी नीट तयार झालीय का ते बघायला, तिला तुझी शिफ्ट बदलून घेऊन तू स्वतः जा.

बाकी तू करायचं ते असं की नाईट शिफ्टला जाताना फोन चालू ठेव, शेजारच्या कुणाचा तरी नंबर तिच्याकडे असू दे, १०८ आणि १०२ तिच्या फोनमध्ये टाकून ठेव. कुशीवर झोपू दे, पाठीला आणि गुडघ्यांत उशी द्यायची. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज, आणि पुढच्या महिन्यांत बाळाचं हलणं कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आणि अंगणवाडीताईंकडे मातृवंदना योजनेचं विचार, निकषात बसत असाल तर पहिल्या बाळाला ३००० आणि २००० असे दोन हप्ते तिच्याच खात्यावर येतात, दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर.

अजून एक. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असं वाटतात. तुम्ही कंदी पेढ्यांच्या गावात राहता. काहीही होऊ दे, पेढेच वाट, आणि हे आजच बायकोला सांगून टाक.

प्रश्न : बाळ झाल्यावर आधी सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा असं आमच्याकडं आहे. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. मधात कधीकधी असे जंतू असतात की ज्यांनी तान्ह्या बाळाचे हातपाय लुळे पडतात, श्वासावर येतं, मध कितीही घरचा आणि शुद्ध असला तरी. वर्षाच्या आत मध नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय घुटी, पाणी काहीच नाही. पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजायला घ्या, तो पिवळा घट्ट चीक पिळून टाकू नका, त्यातच बाळाचं सगळं बळ असतं. घरातल्या मोठ्यांची हौस असेल तर अंगठी धुवून बाळाच्या मुठीला लावा, ओवाळा, आणि मधाची बाटली पहिल्या वाढदिवसापर्यंत वरच्या फळीवर ठेवा.