जुन्या विमानाचं रिकामं वजन: आधी काटा, मग पाना

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी मांडतो. विमान चार आसनी, धातूचं, १९६०च्या दशकातलं. कमाल वजन ९७५ किलो, कागदावरचं रिकामं वजन ६०० किलो. टाक्या भरल्या की १३० किलो इंधन, म्हणजे माणसं आणि सामान मिळून २४५ किलो उरतात. तीन मोठी माणसं बसली की सामानाला काही शिल्लक राहत नाही. तुम्हाला ४० किलो कमी करायचे आहेत आणि त्यासाठी तीन उपाय मनात आहेत: लिथियम बॅटरी, चाकांवरची आवरणं काढून टाकणं, आणि आतल्या पत्र्यांना भोकं पाडणं.

पहिला उपाय चांगला आहे, पण त्याला एक अट आहे. दुसरा नुकसानीचा आहे. तिसरा कृपा करून डोक्यातून काढून टाका. कारखान्यात रिबला (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या पत्र्याला) जी गोल भोकं असतात, त्यांची कड दाबून वळवलेली असते आणि त्या वळवलेल्या कडेमुळेच पत्र्याचा ताठपणा टिकतो. आपण ड्रिल मारून पाडलेलं भोक तिथे फक्त कमजोरी आणि पुढच्या तड्याची सुरुवात ठेवून जातं. मिळणारं वजन ग्रॅममध्ये मोजावं लागतं.

पण यातलं काहीही करण्याआधी विमान तोलून घ्या. ६०० हा आकडा कुठून आला ते लॉगबुकात शोधा. बहुतेक जुन्या विमानांत तो वर्षानुवर्षांच्या बेरीज-वजाबाकीतून आलेला असतो. नवा रेडिओ बसला तेव्हा त्याचं वजन मिळवलं, जुना काढला तेव्हा वजा केलं, पण जुन्याच्या तारा, कंस आणि अँटेना विमानातच राहिल्या. रंग दुसऱ्यांदा दिला, त्याची नोंदच नाही. माझं विमान मी पहिल्यांदा काट्यावर चढवलं तेव्हा ते कागदापेक्षा १७ किलो जड निघालं. त्या दिवशी मला फार अस्वस्थ वाटलं, कारण त्याआधीची कितीतरी उड्डाणं मी कमाल वजनाच्या आत आहे असं समजून केली होती आणि प्रत्यक्षात मी वर होतो. तुमच्याही बाबतीत असं निघू शकतं. मग ४० किलोचा हिशोबच वेगळ्या जागेवरून सुरू होईल.

तोलताना हँगरचे दरवाजे बंद हवेत, कारण पंखांवरून जाणारा थोडासा वाराही आकडा हलवतो. विमान मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पातळीत आणायचं. तीन चाकांवर सहज उभं असतं तसं चालत नाही. ब्रेक सोडलेले ठेवा, म्हणजे चाकांवर आडवा ताण राहत नाही. टाक्यांतलं वापरता न येणारं इंधन रिकाम्या वजनात धरतात, पण तेलाचं मात्र नीट पाहा. अनेक जुन्या विमानांच्या रिकाम्या वजनात तेल धरलेलं नसतं, नंतरच्या नियमांनुसार प्रमाणित झालेल्या विमानांत पूर्ण भरलेलं धरतात. आठ क्वार्ट (साधारण साडेसात लिटर) तेल जवळपास ७ किलो भरतं. ते दोनदा मोजलं किंवा एकदाही मोजलं नाही, तर बॅटरी बदलून जे मिळवाल ते कागदावरच हरवेल.

आता वजन खरं कुठे लपलेलं असतं ते सांगतो. माझ्या अनुभवात सगळ्यात स्वस्त किलो पॅनेलच्या मागे आणि फरशीखाली मिळतात. लोरान-सी या जुन्या रेडिओ दिशादर्शन यंत्रणेचे अमेरिकेतले संकेत २०१० मध्ये बंद झाले, तरी त्याचे डबे आणि अँटेना अजून विमानांत सापडतात. १२१.५ मेगाहर्ट्झवरच्या आणीबाणीच्या ट्रान्समीटरकडे उपग्रहांनी लक्ष देणं २००९ मध्ये थांबलं. त्यानंतर नवा ट्रान्समीटर बसला, पण जुन्याचा ट्रे, केबल आणि अँटेना शेपटीतच राहिली, असंही मी पाहिलंय. एडीएफचं, म्हणजे रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या जुन्या यंत्राचं, तसंच. एकेक तार हातात घेऊन ती कुठून निघते आणि कुठे संपते हे बघत बसणं कंटाळवाणं आहे. दोन पूर्ण दिवस जातात. पण माझ्या विमानातून अशा मेलेल्या तारा, कंस आणि जुने डबे मिळून ६ किलोच्या वर निघाले, आणि त्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागला नाही. शेवटी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून तिचं वजन आणि ती जिथून काढली तिथलं अंतर लिहून ठेवा. ही वही पुढे लागणार आहे.

फरशीखालचा जुना फायबरग्लासचा थर ओलावा शोषून घेतो. तो जड तर होतोच, शिवाय ज्या पत्र्याला चिकटून असतो तो गंजवतो. उंदरांनी घरटं केलेलं असेल तर त्यांचं मूतही पत्रा खातं. तो थर काढायलाच हवा, वजनासाठी नसला तरी गंजासाठी. त्या जागी हलका, बंद पेशींचा फोम घाला, पण जाळून तपासल्याचं प्रमाणपत्र असलेलाच. गालिच्यालाही हाच नियम.

मग इंजिनाकडची कामं. जुना स्टार्टर ८ किलोच्या आसपास असतो, नवा हलका साधारण निम्मा. जनरेटर असेल तर अल्टरनेटर बसवल्याने वजनही घटतं आणि कमी आरपीएमवर वीजही नीट मिळते. एक लक्षात ठेवा, स्थायी चुंबकाचे हलके स्टार्टर जास्त करंट ओढतात, म्हणून स्टार्टर आणि बॅटरी यांचा विचार एकत्र करा. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक इलेक्ट्रॉनिक केले तर व्हॅक्यूम पंप, नळ्या, फिल्टर, रेग्युलेटर आणि दोन जड जायरो (या पंपावर फिरणाऱ्या चकत्यांची जुनी उपकरणं) निघून जातात. ५-६ किलो सहज. हे खर्चिक काम निव्वळ वजनासाठी करू नका. पण पंप किंवा जायरो आयुष्याच्या शेवटी आला असेल तर दुरुस्तीचे पैसे त्यात न घालता हा बदल करा. स्ट्रोबच्या (लखलखणाऱ्या दिव्यांच्या) जागी एलईडी दिवे लावले की त्यांचे वीजपुरवठ्याचे डबेही निघतात.

आता बॅटरी, आणि मघाशी म्हटलेली अट. शिसे-आम्लाची बॅटरी ११ किलोची, लिथियम आयर्न फॉस्फेटची ३ किलोची धरू. ८ किलो एका झटक्यात गेले म्हणून लोक खूश होतात. पण तुमची बॅटरी सामानाच्या मागे, शेपटीकडे आहे. समजा डेटमपासून (विमानातली सगळी अंतरं जिथून मोजतात त्या ठरलेल्या रेषेपासून) ३ मीटर, आणि तुमचा रिकामा गुरुत्वमध्य ०.९८ मीटरवर. ६०० किलो गुणिले ०.९८ म्हणजे मोमेंट (वजन गुणिले अंतर) ५८८. त्यातून ८ गुणिले ३ म्हणजे २४ गेले, राहिले ५६४. भागिले ५९२, उत्तर ०.९५३. गुरुत्वमध्य २.७ सेंटिमीटर पुढे सरकला.

आकडा लहान दिसतो, पण पुढे दोन माणसं, मागे कोणी नाही, इंधन कमी आणि फ्लॅप पूर्ण उतरवलेले, अशा वेळी तो जाणवतो. उतरताना नाक वर धरायला एलेव्हेटर (शेपटीवरचा नाक वर-खाली करणारा हलता भाग) पुरत नाही आणि पुढचं चाक आधी टेकतं. काही जणांना मग शेपटीत वजन बांधावं लागतं, म्हणजे काढलं तेच परत घातलं. म्हणून बॅटरीबरोबरच नाकाकडचंही वजन काढा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पुढचे, डेटमच्या अर्धा मीटर पुढे असलेले ५ किलो गेले तर मोमेंट ५६६.५ होतो (डेटमच्या पुढचं अंतर उणे धरतात, म्हणून तो वाढतो), वजन ५८७, आणि गुरुत्वमध्य ०.९६५ वर परत येतो. मी प्रत्येक बदलाच्या आधी हा हिशोब करतो, आणि तोही सगळ्यात वाईट भरणीसाठी: वजन फक्त पुढच्या आसनांवर, जवळपास रिकाम्या टाक्या. तुम्हीही तसाच करा. लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती रिकामी झाली की अल्टरनेटरकडून खूप करंट घेते. तुमच्या विमानासाठी मंजूर असलेलीच घ्या आणि व्होल्टेज रेग्युलेटर तपासून घ्या.

रंगाबद्दल: जुन्यावर नवा चढवलेला असेल तर सगळा उतरवून पातळ थर दिल्याने कित्येक किलो वाचतात. पण रंगासाठी एलेरॉन, एलेव्हेटर किंवा रडर हे पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते भाग काढले की ते परत बसवण्याआधी मॅन्युअलप्रमाणे संतुलित झालेच पाहिजेत. मागच्या कडेला चढलेला जास्तीचा रंग फ्लटर (वाऱ्याने वाढत जाणारी थरथर) घडवू शकतो, आणि फ्लटर काही सेकंदांत शेपटी तोडतो. रंगाऱ्याला हे माहीत असेलच असं धरून चालू नका, स्वतः हजर राहा.

चाकांवरची आवरणं राहू द्या. वजन थोडं जातं, वेग मात्र घटतो आणि तेवढ्याच अंतराला जास्त इंधन घालावं लागतं.

या सगळ्यातून तुमच्यासारख्या विमानात १५ ते २५ किलो निघतील असं मला वाटतं. ४० साठी तुम्हाला मागची बैठक काढावी लागेल, तीही उपकरणांच्या यादीत आणि वजनाच्या कागदावर तशी वेगळी नोंद करून. दुसरीकडे, २० किलो म्हणजे फक्त २८ लिटर इंधन, तासाभरापेक्षा कमी. तुमची बहुतेक उड्डाणं दोन तासांची असतील तर राखीव धरूनही टाक्या पूर्ण भरायची गरज नाही, आणि त्या २८ लिटरला एक पैसा लागत नाही. वाचलेले किलो परत सामानाने भरलेत तर चढण्याचा वेग आहे तसाच राहील हेही मनात असू द्या. फरक जाणवतो तो हलकं उडाल तेव्हा: वजन ५ टक्के कमी तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत) अडीच टक्के कमी. मात्र तेव्हा हवेच्या खळबळीत ज्याच्या वर जायचं नाही तो मॅन्युव्हरिंगचा वेगही खाली येतो.

प्रत्येक बदल तुमच्या परवानाधारक इंजिनिअरच्या सहीने, मंजुरीच्या कागदांसह लॉगबुकात गेला पाहिजे. शेवटी विमान पुन्हा तोला, नुसती वजाबाकी करून थांबू नका. तोललंत की तिन्ही चाकांखालचे आकडे, चाकांची डेटमपासूनची अंतरं आणि बॅटरीची खरी जागा इथे लिहा. कोणता भाग आधी काढायचा हे त्यावरून नेमकं सांगता येईल.