हौशी रग्बीत खेळाडू हाणामारीवर आले तर रेफ्री काय करतो?

पहिली गोष्ट म्हणजे तो मध्ये पडत नाही. पंधरा-पंधरा धिप्पाड गड्यांना एकटा माणूस काय आवरणार? तो जोरात शिट्टी वाजवतो, दोन पावलं मागे सरकतो आणि पाहत राहतो: पहिला ठोसा कुणी मारला, लांबून धावत येऊन कोण घुसलं. क्लब सामन्यात व्हिडिओ रेफ्री नसतो. टच जज, म्हणजे बाजूच्या रेषेवरचा पंच, बहुतेकदा क्लबचाच कुणीतरी असतो, आणि अशा टच जजच्या सांगण्यावर कार्ड निघत नाही. त्यामुळे जर्सीचे नंबर लक्षात ठेवणं हेच खरं काम.

मग दोन्ही संघ वेगळे करायचे, वेळ थांबवायची, कर्णधारांना बोलवायचं. नुसती ढकलाढकली असेल तर समज किंवा पेनल्टी पुरते. पिवळं कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर. सरळ ठोसा मारला तर बहुधा लाल कार्डच, म्हणजे तो खेळाडू सामन्यातून बाहेर. ‘त्याने आधी मारलं’ हे चालत नाही, उत्तरादाखल मारणाराही दोषी ठरतो आणि मिळालेली पेनल्टी त्यापायी समोरच्या संघाकडे जाऊ शकते.

लाल कार्डाचा लेखी अहवाल शिस्तपालन समितीकडे जातो, बंदी किती आठवड्यांची ते ती ठरवते. प्रकरण हाताबाहेर गेलंच, तर रेफ्री सामना तिथेच थांबवू शकतो. प्रेक्षक मैदानात उतरले की मी तर तेच करायला सांगेन.