एनएलआर ७.८ आला, म्हणजे आईचं आता काही खरं नाही का?

"मॅडम, ७.८ म्हणजे किती वाईट असतं?" अजून खुर्चीत नीट बसलाही नव्हता तो. मी कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांसाठी समुपदेशक म्हणून काम करते, डॉक्टर नाहीये, पण असले प्रश्न हल्ली माझ्याकडे सारखे येतात, कारण रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी असते, मग मधल्या चार रात्री माणूस सर्च करत बसतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा तिशीचा. आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज, ऑपरेशन होऊन गाठ पूर्ण निघालेली आणि केमोची तिसरी सायकल नुकतीच झालेली. तसं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण यानं लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट दाखवली, ऑपरेशनच्या आधीपासूनचा प्रत्येक सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट, त्यात भरलेला, शेवटचा कॉलम एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो. ३.४, २.९, ३.१ आणि मग लाल रंगात ७.८. लॅबनं हा आकडा दिलेलाच नव्हता, यानंच काढला होता, न्यूट्रोफिल ८९७० भागिले लिम्फोसाइट ११५०.

एनएलआर म्हणजे खरंच एवढंच, एक साधा भागाकार. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट दोन्ही पांढऱ्या पेशी. इन्फेक्शन झालं, जखम झाली की आधी न्यूट्रोफिल धावतात, आणि लिम्फोसाइट शत्रू ओळखून लढतात, कॅन्सरच्या पेशींवर नजर ठेवण्यातही त्यांचा वाटा असतो. शरीरात दाह वाढला की पहिल्या वाढतात, दुसऱ्या बऱ्याचदा घटतात आणि आकडा वर चढतो. सीआरपी (दाहात वाढणारं रक्तातलं प्रोटीन) आणि अल्ब्युमिन (दाहात घटणारं प्रोटीन) याच कुळातले, ग्लासगो स्कोअर म्हणतात त्यात ते दोन एकत्र बघतात, सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असं दोन्ही असेल तर सगळ्यात वरचा म्हणजे वाईट स्कोअर. कॅन्सर आणि दाहाचं नातं काही आजचं नाही, गाठीत पांढऱ्या पेशी सापडतात हे विर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा मुलगा काही भलतंसलतं वाचून आला नव्हता, हे मी त्याला आधीच सांगितलं, कारण "इंटरनेटवरचं वाचू नकोस" म्हटलं की माणूस वाचायचं थांबत नाही, फक्त आपल्याला सांगायचं थांबतो.

त्यानं वाचलेलं होतं २०१४ चं एक मोठं विश्लेषण, १०० अभ्यास एकत्र केलेले, ४०,५५९ पेशंट, आणि एनएलआर जास्त असलेल्यांमध्ये मृत्यूचा हॅझार्ड रेशो १.८१. आता याचं त्यानं काय केलं होतं, तर १.८१ म्हणजे ८१ टक्के, म्हणजे आई जायची शक्यता ८१ टक्के. तीन रात्री हा आकडा डोक्यात घेऊन तो त्याच घरात आईसमोर हसत फिरत होता. मला खरं सांगायचं तर पोटात कालवलं.

मी कागद घेतला. म्हटलं, समज एनएलआर कमी असलेल्या १०० जणांपैकी एका ठराविक काळात १० जण गेले, तर जास्त असलेल्या १०० पैकी साधारण १७ जातील, १.८१ चा अर्थ असा काहीतरी होतो, आणि हे १० मी फक्त समजवायला धरलेत, आईचे नाहीत. म्हणजे दुसऱ्या गटातही ८० च्या वर लोक आहेतच की. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पण आई १७ मध्ये की बाकीच्यांमध्ये?" आणि इथेच तर गोची आहे, ते हा आकडा सांगतच नाही. गट कुठे चाललाय ते सांगतो. त्यात परत जास्त म्हणजे किती यावरही एकमत नाही, कुणी २ च्या आसपास रेघ मारली, कुणी ५ च्या, आणि ते पेशंटही वेगवेगळ्या कॅन्सरचे, वेगवेगळ्या स्टेजचे, बऱ्याच ठिकाणी रक्त ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी घेतलेलं.

ट्रीटमेंटच्या आधी, हे महत्त्वाचं. मी विचारलं, हे ७.८ वालं रक्त कधी दिलं? तर केमोच्या दुसऱ्या दिवशी, थकवा वाटत होता म्हणून जवळच्या लॅबमध्ये. आता केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइडनं रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात, लिम्फोसाइट कमी होतात, काही तासांतच. पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तरी न्यूट्रोफिल उड्या मारतात. सर्दी-खोकला, ऑपरेशन, सिगारेट, नुसता ताण, सगळ्यानं हा आकडा हलतो. न्यूट्रोफिल रक्तात टिकतातच किती, तर काही तास, मग त्या आकड्याकडून पुढच्या पाच वर्षांचं भविष्य कसं मागायचं.

पण मी "काही नाही रे, स्टेरॉइडमुळेच आहे" असं म्हणाले नाही. ते ठरवायचं काम माझं नाही आणि तशी खोटी खात्री देणंही बरोबर नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही दोघांनी मिळून लिहिले आणि मी म्हटलं पुढच्या वेळी आईला घेऊन ये.

काकू आल्या. मुलाला मी मुद्दाम बाहेर बसवलं. दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं, त्या डाव्या बाजूनं बोलतच नव्हत्या, गाल जरा सुजल्यासारखा. विचारलं तर आधी नाही नाही, मग म्हणाल्या, दाढ दुखतेय, आठ दिवस झाले. कुणाला सांगितलं नाही? "सांगितलं की हा लगेच लॅपटॉप उघडतो. माझं काहीही दुखलं की त्याचा चेहरा पडतो, मग मी म्हणते जाऊ दे." शिवाय केमो पुढे ढकलतील ही भीती होतीच.

म्हणजे बघा, मुलगा रक्तातला दाह मोजत होता आणि दाह तोंडात होता, आणि तो लपवला जात होता त्याच्या मोजण्यामुळेच. केमो चालू असताना इन्फेक्शन लपवणं हे एनएलआर ७.८ पेक्षा कितीतरी धोक्याचं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन करायचा, हे मी प्रत्येकाला सांगते, काकूंनाही सांगितलं. त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टला कळवलं, त्यांनी दाताच्या डॉक्टरांशी बोलून औषध सुरू केलं आणि दाढेचं काय नि कधी करायचं ते ठरवलं.

डॉक्टरांनी मुलालाही नीट वेळ दिला, सगळेच देतात असं नाही. ते म्हणाले की तुमच्या आईची ट्रीटमेंट ठरलीय ती पॅथॉलॉजी रिपोर्टवरून, गाठ किती खोल होती, किती लिम्फ नोडमध्ये होती यावरून, पुढे फॉलोअपमध्ये मी सीईए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) आणि स्कॅन बघणार, एनएलआरवरून मी एक गोळीसुद्धा बदलत नाहीये. काही कॅन्सरमध्ये असे आकडे खरोखर वापरतात हेही त्यांनी लपवलं नाही, किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरचा एक स्कोअर आहे त्यात सहा गोष्टी बघतात आणि न्यूट्रोफिल नि प्लेटलेट त्यातल्या दोन, औषध निवडायला तो स्कोअर कामी येतो. पण तो वेगळा आजार.

मग मुलाचा पुढचा प्रश्न, जो जवळजवळ सगळेच विचारतात, "हा कमी करायला काय देऊ? सप्लिमेंट वगैरे?" यावर मी जरा कडकच होते. आकडा खाली आणला म्हणजे आजार खाली आला असं होत नाही. कॅनाकिनुमॅब म्हणून दाह कमी करणारं औषध आहे, हृदयरोगाच्या पेशंटवरच्या ट्रायलमध्ये २०१७ मध्ये असं दिसलं की ते घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला, सगळ्यांच्या आशा वाढल्या, मग फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर मोठ्या ट्रायल केल्या आणि अपेक्षित फायदा दिसलाच नाही. एवढं नेमकं औषध जिथे चाललं नाही तिथे ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या केमोच्या मध्ये घुसवायच्या कशाला, त्यातल्या काही तर केमोच्या औषधांच्या आड येतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नाही.

शीट डिलीट कर असं मात्र मी त्याला सांगितलं नाही. काहीतरी हातात हवं असतं माणसाला. फक्त म्हटलं, एक कॉलम वाढव, रक्त कधी घेतलं, केमोच्या किती दिवसांनी, आणि त्या दिवशी आईला काय होत होतं ते तिला विचारून लिही. आणि तिनं काही सांगितलं की निदान पाच मिनिटं लॅपटॉप उघडू नकोस.

महिन्याभरानं फोन आला. "मॅडम, ३.६!" आवाजात एवढा आनंद की मला बोलवेना, पण बोलावं लागलं, की ७.८ वर रडायचं नव्हतं तर ३.६ वर नाचायचं पण नाही, दाढ बरी झाली याचा आनंद कर. तो हसला, थोडा खट्टूही झाला असेल. तेवढ्यात मागून आवाज आला, दे जरा इकडे, आणि काकू फोनवर. म्हणाल्या, "अहो, गार पाण्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, झटका बसल्यासारखं होतं, हे सांगण्यासारखं आहे का?" म्हटलं, आहे, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. मागे मुलगा विचारत होता, "कधीपासून होतंय आई?" आणि त्या त्याला सांगत होत्या.