रोज दोन गोळ्या कशाला?

प्रश्न : सर्दी होऊ नये म्हणून मी रोज 'क' जीवनसत्त्वाच्या 1000 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतो. चालेल का?

उत्तर : गरज नाही. प्रौढांना दिवसाला 75 ते 90 मिलिग्रॅम पुरतं. धूम्रपान करणाऱ्यांना आणखी 35. 200 मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक सगळं शोषलं जातं, 1000च्या वर गेलात की निम्म्याहून कमी. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणून जुलाब. शोषलेल्या जादा भागातून ऑक्झलेट बनतं, म्हणजे ज्यापासून मुतखडे होतात तो पदार्थ; मुतखडा होऊन गेला असेल तर गोळ्या बंदच करा. 2000 ही कमाल मर्यादा, आणि तुम्ही नेमके तिथेच आहात! सर्दी त्याने टळत नाही. नियमित घेणाऱ्यांची थोडी लवकर आटोपते, इतकंच. आंबट फळ जेवणासोबत खा, वनस्पतीजन्य पदार्थांतलं लोहही जास्त शोषलं जाईल.