हिशेबात न जुळलेलं थोडंसं

प्रश्न (तासगाव, बारावीची विद्यार्थिनी): न्यूट्रॉनचा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन होतो. प्रभार जुळतो. मग न्यूट्रिनो मध्येच कुठून आला?

प्रभाराचा हिशेब तू बरोबर मांडलास, आता ऊर्जेचा मांड. न्यूट्रॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या मापात ९३९.५६५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), प्रोटॉनचं ९३८.२७२, इलेक्ट्रॉनचं ०.५११. वजा जाता उरतात ०.७८२. तुकडे दोनच असते, तर संवेग अक्षय्यतेमुळे इलेक्ट्रॉनला दर वेळी ठरलेलाच वाटा मिळाला असता. प्रत्यक्षात तो शून्यापासून जवळजवळ ०.७८२ पर्यंत कितीही ऊर्जा घेऊन निघतो.

असाच गोंधळ किरणोत्सारी केंद्रकांच्या बीटा ऱ्हासात, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, आधीच दिसला होता. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं तेच पोतं दर वेळी वेगळं भरलं, तर एक जण काट्यावर संशय घेईल, दुसरा म्हणेल की माल कुणीतरी काढतोय. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर काट्यावर, म्हणजे खुद्द ऊर्जा अक्षय्यतेवर, संशय घ्यायला तयार होते. पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये न दिसणारा तिसरा कण सुचवला, तोच हा न्यूट्रिनो. तो पकडायला १९५६ साल उजाडलं. राइन्स आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ त्याच्या खुणा टिपल्या. फक्त नाव नीट लिही: न्यूट्रॉनच्या ऱ्हासात निघतो तो प्रतिन्यूट्रिनो. इलेक्ट्रॉनची लेप्टॉन संख्या (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो अशा कणांची मोजदाद) +१, त्याची −१, बेरीज शून्य.

प्रश्न (कराड): प्रोटॉनचा ऱ्हास का होत नाही?

पॉझिट्रॉन (धनप्रभारी इलेक्ट्रॉन) आणि पायॉन (प्रोटॉनहून हलका एक कण) होण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे आहे, प्रभारही जुळतो. आड येते ती बॅरिऑन संख्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची मोजदाद. जपानच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत शोधयंत्रामधल्या ५०,००० टन पाण्यात असा एकही खात्रीचा ऱ्हास सापडलेला नाही.

प्रश्न (मिरज, निवृत्त शिक्षक): समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंत) इलेक्ट्रॉन तेवढेच असतात. वीज इलेक्ट्रॉनच वाहतात. तरी अतिवाहकतेचं, म्हणजे विद्युतरोध नाहीसा होण्याचं, तापमान का बदलतं?

सर, नेमक्या याच प्रश्नाने १९५० मध्ये वाट दाखवली. पाऱ्याचं सरासरी अणुवस्तुमान १९९.५ असताना हे तापमान (क्रांतिक तापमान) ४.१८५ केल्विन भरलं, २०३.४ असताना ४.१४६. फरक ०.०३९ केल्विनचा. वस्तुमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ काढा: १.००९७. त्याने ४.१८५ ला भागलं की ४.१४५ येतं. मला हे गणित दर वेळी नव्याने आवडतं.

वर्गमूळ आलं की कंपनं आठवावीत. वर्गात झोपाळ्याचा दाखला मात्र नको, कारण झोके बसणाऱ्याच्या वजनाने बदलत नाहीत. स्प्रिंगला टांगलेलं वजन घ्या. जड असेल तर ते सावकाश हलतं. पाऱ्याचे जड अणू तसेच सावकाश हलतात. इलेक्ट्रॉन जाताना आसपासचे धन आयन किंचित ओढले जातात, ते जागेवर परतेपर्यंत तिथे धनप्रभार दाटलेला राहतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे खेचला जातो. ही जोडी अणूंच्या हालचालीवर बेतलेली, म्हणून अणूंच्या वस्तुमानाने तापमान बदलतं. अशा जोड्यांवरच बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये सिद्धांत उभा केला.

त्यांचाच पुढचा प्रश्न: वर्गमूळाचा हा नियम सगळीकडे चालतो?

नाही. रुथेनियम धातूमध्ये समस्थानिकांचा परिणाम जवळपास शून्य आहे. पॅलेडियम हायड्राइडमध्ये (पॅलेडियम धातू आणि हायड्रोजन यांच्या संयुगात) तर हायड्रोजनऐवजी त्याचं जड समस्थानिक ड्युटेरियम घातलं की तापमान चक्क वाढतं, कारण तिथे कंपनं साध्या स्प्रिंगसारखी राहत नाहीत.