केळीचा ताणा सारखा तुटतोय त्याबद्दल

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, तुमच्यावर नाही हो, स्वतःवर, कारण माझा पहिला ताणा (म्हणजे मागावर उभे ताणलेले धागे) अगदी असाच वाया गेला होता. तुम्ही केळीच्या धाग्याच्या लडी आणल्या, टकळीवर सुतासारखा पीळ दिला, टेबल लूमवर (टेबलावरच्या छोट्या मागावर) ताणा चढवला आणि चार बोटं विणून होईपर्यंत दहा-बारा धागे तुटले, म्हणून आता विचारताय की पीळ वाढवू का आणि ताणा अजून घट्ट करू का. दोन्हीला माझं उत्तर 'नको' असं आहे. दोन्ही कमी करा. आणि तुम्हाला कुणी जाड खळ (धाग्याला लावायची चिकट पेज) लावायला सांगितलीये, तेही आत्ता राहू द्या, आधीच कडक असलेल्या धाग्याला अजून कडक करून काय मिळणार.

गडबड अशी होते की आपण सगळे कापसावर शिकलेलो असतो आणि हाताला तीच सवय असते. कापसाचा तंतू असतो दोन-तीन सेंटीमीटरचा, एकट्याने तो काहीच धरू शकत नाही, पीळ बसला की शेजारचे तंतू एकमेकांना आवळतात आणि सूत तयार होतं, म्हणजे तिथे पीळ हाच जीव. केळीचं तसं नाही. सोपटातून (खोडाच्या थरातून) ओढून काढलेली ती दशी हात-दीड हात, कधीकधी त्याहूनही लांब निघते आणि तिची ताकद तिच्या लांबीतच असते. तिला चढा पीळ दिलात की बाहेरच्या अंगाचे तंतू आधीच ताणून बसतात, वर फणी (विणलेला धागा ठोकून बसवायची) घासली की तेच पहिले जातात, आणि मग ती केसाळ लव दिसायला लागते ना, ती तुटायची पूर्वसूचना समजा.

म्हणून जिथे हे कापड पिढ्यानपिढ्या विणलं गेलंय तिथे मुळात कातत नाहीत, जोडतात. जपानमधे ओकिनावाला ओगिमी गावातल्या किजोका भागात केळीच्या जातीच्याच एका झाडापासून बाशोफू नावाचं कापड होतं, तिथे तंतू नखाने उभा चिरून बारीक करतात आणि एकाच्या टोकाला दुसऱ्याचं टोक गाठीने बांधत जातात, बस्स. नंतर ताण्याच्या धाग्याला तेवढा हलका पीळ देतात, बाण्याला (म्हणजे आडव्या धाग्याला) तोही नाही. एका किमोनोच्या कापडाला साधारण 200 झाडं लागतात म्हणतात, आणि सगळ्यात जास्त वेळ मागावर जात नाही, या गाठी मारण्यात जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला जवळजवळ संपली होती, तोशिको ताइरा या बाईंनी गावातल्या बायकांना जमवून ती परत उभी केली, 2000 साली जपान सरकारने त्यांना मानाचं 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हे पद दिलं, 2022 मधे त्या 101 वर्षांच्या होऊन गेल्या. फिलिपिन्समधे लेक सेबूच्या त'बोली बायका अबाका, म्हणजे केळीचाच चुलतभाऊ, अशाच गाठी मारून विणतात. कोरियातल्या हानसानची रॅमी (एका झाडाच्या सालीचा धागा) अजून भारी, तिथे तंतू दातांनी चिरतात आणि दोन टोकं थुंकीने ओली करून गुडघ्यावर वळून एकात एक मुरवतात, गाठच नाही. (दात झिजतात म्हणे यात, आपण करू नये.) प्राचीन इजिप्तमधलं लिननसुद्धा असंच टोकाला टोक वळून केलेल्या धाग्याचं असायचं, कातणं तिथे नंतर आलं.

तर तुम्ही काय करायचं? उरलेल्या लडीतला एक झुपका घ्या, अर्धा तास पाण्यात भिजवा, पिळून टॉवेलमधे गुंडाळून ठेवा आणि ओलसर असतानाच चिरा. बुंध्याकडच्या टोकापासून सुरुवात केली तर चीर सरळ जाते, शेंड्याकडून केली तर मधेच तिरकी होऊन एक बाजू संपते, हा माझा अनुभव. जाड दशा आणि बारीक दशा वेगळ्या करा, यात आळस करू नका, कारण बाहेरच्या सोपटाचा तंतू जाड आणि राठ असतो, आतल्याचा मऊ, आणि विकतच्या लडीत दोन्ही सरमिसळ येतात. मऊ एकसारखा असेल तो ताण्याला ठेवा, राठ सगळा बाण्याला. गाठ विणकरांचीच मारा, एका टोकाचा फास करून दुसरं टोक त्याच्या मागून फिरवून स्वतःच्याच खालून काढायची ती, साधी डबल गाठ फणीत अडकते आणि शेपट्या दोन मिलिमीटर ठेवून कापा, त्याहून आखूड कापलं तर सुटते.

आता ताण. हे जरा नीट समजून घ्या कारण नव्वद टक्के तूट इथेच होते असं माझं मत आहे. सुती धागा तुटायच्या आधी साधारण सहा-आठ टक्के लांबतो, जवसाचा म्हणजे लिननचा दोन-तीनच टक्के, आणि केळीसुद्धा त्याच घराण्यातली, आखडूच. म्हणजे मीटरभर ताण्यात एखादा धागा शेजाऱ्यांपेक्षा सेंटीमीटरभर आखूड गुंडाळला गेला तर सुतात ते कळतही नाही, सूत लांबून जुळवून घेतं, पण इथे सगळा भार तो एकटा आखूड धागा उचलतो आणि जातो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या. तुम्ही लिहिलंय की धागे 'एकाच पट्ट्यात' तुटतायत, त्यावरून मला हाच संशय आहे. त्यात आणखी घट्ट केलंत तर उरलेलेही जातील. गुंडाळताना प्रत्येक फेऱ्याला मधे जाड कागद घाला आणि धागे मूठ-मूठ करून सारख्या ओढीने चढवा. विणताना धागे वर-खाली उघडता तेव्हा धोटा (बाणा आरपार नेणारा) जाईल एवढंच उघडा, उगाच हातभर फाक नको, कारण उघडणं म्हणजेच ताणणं. त'बोली बायका कंबरेला पट्टा बांधून विणतात त्याचं मला याच कारणाने फार कौतुक वाटतं, धागे उघडताना अंग जरासं पुढे झुकवलं की ताण आपोआप सैल, ठोकताना मागे रेललं की परत घट्ट, आपल्या लोखंडी दाते-चाकाच्या मागाला हे कधी जमणार नाही.

आणि पाणी! खरं तर पंखा सुरू होता का हे मी पहिलंच विचारायला हवं होतं. माझ्या वेळी होता, दुपारभर डोक्यावर गरगर, आणि मी धाग्याला शिव्या देत बसलेलो. हे तंतू कोरडे असले की काडीसारखे मोडतात, ओलसर असले की वाकतात, लिनन तर ओलं असताना कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतं. किजोकामधे विणायला सगळ्यात चांगले दिवस पावसाळ्याचे मानतात आणि कोरड्या हवेत धाग्यावर पाणी मारत विणतात, हानसानला तर हवा दमट राहावी म्हणून जमिनीत खोदलेल्या खोल्यांत बसून विणायचे. तुम्ही साधी फवारणीची बाटली घ्या, उघड्या ताण्यावर बारीक धुकं मारा, टपटप नको, आणि बाण्याच्या कांड्या भरून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फक्त ओल्या कपड्यात रात्रभर विसरू नका, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

खळ लावायचीच असेल तर पातळ, जवसाची. चमचाभर जवस दीड कप पाण्यात मंद उकळा, बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा (गार झालं की गाळणीतून उतरतच नाही), अजून तेवढंच पाणी घाला आणि ब्रशने एकाच दिशेने लावा, लव खाली बसण्यापुरती. धागे एकमेकांना चिकटले तर जास्त झाली.

'बनाना सिल्क' असं लेबल बघून तुम्ही रेशमासारखा मऊपणा अपेक्षित धरला होता असं दिसतंय. त्यात रेशीम औषधालाही नसतं, नुसतं चकाकतं म्हणून नाव. मागावरून उतरलेलं कापड कडकच असणार, बाशोफूसुद्धा विणून झाल्यावर राखेच्या पाण्यात उकळतात, मग आंबवलेल्या तांदळाच्या पेजेत बुडवून त्याचा क्षार मारतात आणि हाताने ओढून ओढून सरळ करतात, तेव्हा कुठे ते अंगावर घालण्यासारखं होतं. घरी चिमूटभर धुण्याचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटं हलकं उकळलं तरी बराच फरक पडतो, भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम खराब होतं, आणि शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर.

आत्ता मागावर जे आहे ते कापून टाकू नका. पंखा बंद, ताण दाते-चाकाचे दोन दाते सैल, मग फवारा, या क्रमानेच, कारण पीळ असलेला धागा ओला झाला की आखडतो आणि आधी फवारलंत तर तिथेच आणखी चार तुटतील. तुटलेल्यांच्या जागी बारीक सुती धागा गाठून पुढे चला, दिसेल थोडं, दिसू दे. या पट्ट्यावर हात बसवा. पुढच्या वेळी ताणा पूर्ण सुती आणि बाणा केळीचा असा एक नमुना काढा, कापड छान होतं आणि गाठी मारायचा सरावही बाण्यात होऊन जातो, ताण्याला केळी त्यानंतर. आणि रात्री उठताना ताण सैल करूनच उठा, मी एकदा विसरलो, पहाटे हवा दमट झाली आणि सकाळी मागावर सतरा टोकं लोंबत होती.