पीएस४ दुरुस्तीला देण्यापूर्वी मुलाची सोनेरी उलथणी वाचवावीत

ताई, आपला प्रश्न वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. आपला मुलगा पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर, ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स: बॅटल फॉर बिकिनी बॉटम – रिहायड्रेटेड’ खेळतो, त्यात जमवायची असतात ती सोनेरी उलथणी त्याच्याकडे साठच्या आसपास जमली आहेत, खेळ मध्येच बंद पडून ‘सीई-३४८७८-०’ हा बिघाडाचा क्रमांक दिसतो आणि दुरुस्तीवाल्याने “फॉरमॅट मारना पड़ेगा, छोड़ जाइए”, म्हणजे यंत्रावरचे सर्व पुसावे लागेल, असे सांगितले आहे. आमच्या घरी अक्षरशः हेच घडले होते. तेव्हा आधी एवढेच सांगतो की मुलाची जतन केलेली प्रगती पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्याखेरीज यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये.

मी या क्षेत्रातला तंत्रज्ञ नाही. जे लिहितो आहे ते पालक म्हणून अनुभवाने आणि पुष्कळ वाचून कळलेले आहे. यंत्राची हार्ड डिस्कच निकामी झाली असेल तर यातले बरेचसे लागू होणार नाही. वायर, टीव्ही, चकतीवरची धूळ वगैरे आपण पाहिलेच असेल, म्हणून त्यावर लिहीत नाही.

आमच्या वेळी येथील, म्हणजे इंदूरच्याच, एका दुरुस्ती केंद्राने यंत्र ‘चेकिंग’साठी ठेवून घेतले. काउंटरवर बारीक अक्षरांतला एक कागद पुढे केला गेला. त्यात ‘डेटा गेल्यास केंद्र जबाबदार नाही’ असे एक वाक्य होते, पण यंत्रावरचे सर्व पुसले जाणार आहे असे तोंडाने कोणीही सांगितले नाही आणि विचारलेही नाही. यंत्र परत मिळाले तेव्हा तेथील माणसाने आमच्यासमोर खेळ सुरू करून दाखवला आणि म्हणाला, “देखिए, गेम तो चल रहा है ना।” खेळ चालत होताच. घरी आल्यावर मुलीने तो उघडला, तर स्पंजबॉब पहिल्या दिवसासारखा आपल्या अननसाच्या घरात उभा होता आणि उलथण्यांच्या जागी शून्य होते. खात्यावरची ट्रॉफ्यांची, म्हणजे खेळात टप्पे गाठल्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसांची, यादी मात्र जशीच्या तशी होती, कारण ट्रॉफ्या सोनीच्या सर्व्हरवर असतात आणि खेळातली प्रगती यंत्राच्या आत असते. खेळातल्या ज्या रोबो-पॅट्रिक या मोठ्या शत्रूला हरवल्याची नोंद यादीत होती, त्याच्यापर्यंत पोहोचायला तिला पुन्हा ४० उलथणी जमवावी लागणार होती. ती यादीकडे पाहत बसली आणि मग न बोलता कंट्रोलर ठेवून दिला.

मी केंद्रात परत गेलो. एकाने सांगितले की हार्ड डिस्क संगणकाला जोडून जुना डेटा काढून देता येईल. दुसऱ्याने ईमेल करायला सांगितले. ईमेलच्या उत्तरात जॉब शीटचा, म्हणजे यंत्र जमा करताना मिळालेल्या कागदाचा, क्रमांक मागितला आणि तो दिल्यावर त्याच केंद्रात जाण्याचा सल्ला मिळाला. संगणकाला जोडण्याची गोष्ट तर मुळातच निराधार होती. पीएस४ ची हार्ड डिस्क त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेली आणि सांकेतिक रूपात असते, ती साध्या संगणकावर वाचता येत नाही. मला आजही राग येतो तो डेटा गेल्याचा तितका नाही, जितका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने महिनोन्‌महिने खपून केलेल्या गोष्टीला ‘डेटा’ या सदरात टाकून मोकळे होण्याचा आहे. मोठ्या माणसाच्या हिशेबाच्या फाइली असत्या तर त्यांनी दहादा विचारले असते.

आता करायचे काय ते. आपले यंत्र अजून नीट सुरू होते आहे, ही फार मोठी सोय आहे, कारण प्रगती उतरवून घेणे यंत्र चालू असतानाच शक्य असते. इंदूरच्या जेल रोडवर कुठेही मिळेल असा साधा पेनड्राइव्ह घ्यावा. त्याचे फॉरमॅट, म्हणजे त्यावर फाइली मांडण्याची पद्धत, एक्सफॅट किंवा फॅट३२ असले पाहिजे, एनटीएफएस पीएस४ ओळखत नाही. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट’, तेथे ‘सेव्ह्ड डेटा इन सिस्टिम स्टोरेज’ आणि मग यूएसबीवर कॉपी करण्याचा पर्याय आहे. याला पैसे पडत नाहीत. पीएस प्लस या सोनीच्या सशुल्क सेवेचे वर्गणीदार असाल तर क्लाउडवरही, म्हणजे सोनीच्या सर्व्हरवरही, चढवून ठेवावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. ही प्रगती ज्या खात्याने जतन केली त्याच खात्यावर परत घेता येते, म्हणून मुलाचे खाते प्लेस्टेशन नेटवर्कशी जोडलेले आहे ना आणि त्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक आहे ना, हे आजच पाहावे.

त्यानंतर खेळ यंत्रावरून काढून पुन्हा बसवून पाहावा. पीएस४ वर खेळ काढल्याने जतन केलेली प्रगती जात नाही, ती वेगळ्या ठिकाणी राहते. तेवढ्याने भागले नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे यंत्राच्या दुरुस्तीसाठीच्या खास पडद्यावर, जावे: यंत्र पूर्ण बंद करून पॉवरचे बटण दुसरी ‘बीप’ ऐकू येईपर्यंत दाबून धरावे आणि कंट्रोलर केबलने जोडावा. येथे अनेकांची फसगत होते, कारण घरात पडलेल्या केबलींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांनी कंट्रोलर ओळखलाच जात नाही. पडद्यावर क्रमांकांची यादी येते. त्यातला ५ वा पर्याय, ‘रिबिल्ड डेटाबेस’, हा यंत्राची अंतर्गत नोंदवही नव्याने मांडतो आणि जतन केलेल्या प्रगतीला हात लावत नाही. ६ वा आणि ७ वा पर्याय सर्व काही पुसतात. माझे ठाम मत आहे की आमच्या यंत्राला ५ वा पर्याय पुरला असता आणि केंद्राने वेळ वाचवण्यासाठी थेट ७ वा वापरला. सिद्ध करता येणार नाही, पण मत बदललेले नाही.

इंदूरमध्ये पावसाळ्याच्या तोंडाला वीज वारंवार जाते, आणि चालू खेळात वीज गेली की नोंदी बिघडण्याचा संभव वाढतो. टीव्हीसाठी नाही तरी यंत्रासाठी लहानसा यूपीएस ठेवावा. उन्हाळ्यात मागच्या जाळीत धूळ साचून यंत्र तापते, तीही ब्रशने झाडून घ्यावी.

एवढे करूनही प्रगती गेलीच, तर मुलाला पुन्हा खेळायला बसवताना एक गोष्ट करू नये: आपण स्वतः खेळून त्याला पूर्वीच्या जागी आणून देऊ नये. आमच्याकडे एका नातेवाइकाने तसे करू पाहिले आणि मुलीला ते मुळीच रुचले नाही. दुसऱ्या वेळी वाट लवकर सापडते. खेळातल्या पॅट्रिक या मित्राला १० मोजे नेऊन दिले की तो एक उलथणे देतो आणि क्रॅब्स हे दुसरे पात्र चकाकत्या वस्तूंच्या बदल्यात उलथणी विकते, ही दोन्ही साधने मुले पहिल्या वेळी दुर्लक्षित करतात. रोबो-सँडी या दुसऱ्या मोठ्या शत्रूला हरवल्यावर मिळणारा बुडबुड्यांचा चेंडू आणि रोबो-पॅट्रिकनंतरचा दूरवर नेता येणारा बुडबुडा हाती आला की जेलीफिश फील्ड्स या सुरुवातीच्या भागात मागे जावे, तेथे आधी हाती न लागलेले बरेच असते. शेवटच्या चम बकेट प्रयोगशाळेला ७५ उलथणी लागतात, पूर्ण १०० नव्हेत, हेही त्याला सांगावे, म्हणजे दडपण राहणार नाही.

दुरुस्तीला द्यावेच लागले तर जॉब शीटवर आपल्या हाताने ‘विचारल्याशिवाय हार्ड डिस्क पुसू नये’ असे लिहून खाली त्यांची सही घ्यावी आणि कागदाचा फोटो काढून ठेवावा. सही देण्यास ते तयार नसतील तर यंत्र उचलून घरी आणावे. आणि पडद्यावर ‘सीई-३४८७८-०’ ऐवजी कधी ‘सीई-३०००५-८’ दिसला असेल तर येथे अवश्य लिहावे, कारण तो चकती किंवा हार्ड डिस्क वाचता न येण्याचा क्रमांक आहे आणि मग आजच्या आज कॉपी काढण्यावाचून दुसरे काहीही आधी करू नये.